दुसऱ्या तुकडीतला माणूस

दूधविनायक, वाराणसी
१२ एप्रिल २०२३

ताई,

मोठ्यांना पत्राच्या आरंभी करायचा नमस्कार केला आहे असं समजा, कारण घाईत लिहायला बसले आहे. हे भाजी आणायला गेलेत. फोन केला असता, पण आपलं घर तुम्हांला माहीत आहे. एका खोलीत कोणी खाकरलं तर तिसऱ्या खोलीतून विचारणा होते. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर काही लिहिलं की माझ्याआधी अवनी वाचते.

तुमच्या भावाबद्दल लिहिते आहे. गोरखपूरकडचा भाग यांच्या विभागाला जोडल्यापासून कंपनीचं टार्गेट दुप्पट झालं आणि माणसं तेवढीच राहिली. विम्याचा धंदा तुम्हांला मी काय सांगणार. पण घरी येणारा माणूस बदलला आहे. मागच्या सोमवारी यांनी ऑफिसात काशीनाथला सगळ्यांसमोर इतकं झापलं की तो जिन्यात जाऊन रडला. काशीनाथ, जो अवनीच्या बारशाला पितळी पाळणा डोक्यावर घेऊन आला होता तो. हे त्या दिवशी घरी आले ते बुटांसकट पलंगावर बसले. म्हणाले, "शरदिनी, मी त्याला काय बोललो ते मला आठवत नाही. त्याचा चेहरा तेवढा आठवतो."

कंपनीने साहेबलोकांसाठी कोचिंग ठेवलंय असं कळलं तेव्हा मी हसले होते. आमच्या बनारसात कोचिंग म्हणजे दुर्गाकुंडाकडे पोरं डॉक्टर व्हायला जातात ते. एक्कावन्नाव्या वर्षी तुम्हांला कसलं कोचिंग, असं मी विचारलं. हे म्हणाले, "तसं नाही. एक जाणता माणूस दर पंधरवड्याला आपल्या एकट्याशी बसतो. आपलं काम, आपला राग, कुठे अडतंय, सगळं बोलायचं. तो कोणाला सांगत नाही." हे सांगताना यांचा आवाज कसा झाला होता, ताई. मला वाटलं, किती दिवसांनी या माणसाला काहीतरी हवंय.

मग पत्र आलं की तुम्ही दुसऱ्या तुकडीत आहात, तुमचा नंबर जानेवारीत. यांनी ते घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "ठीक आहे, तोवर कामं उरकतील."

या कोचिंगची तपासणी तुमच्या संस्थेकडे आहे हे यांनीच सांगितलं. तुम्हांला लिहिते आहे हे यांना माहीत नाही. यांना पहिल्या तुकडीत घ्या. एका माणसाने काय होणार आहे. मी आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही.

तुमची
शरदिनी


पुणे
२३ एप्रिल २०२३

शरदिनी,

वर 'अनेक आशीर्वाद' लिहिलं की मला मी आईसारखी वाटायला लागते, म्हणून नुसतं नाव.

तुझं पत्र दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरते आहे. उत्तर नाही असं आहे. पण का नाही, ते नीट सांगायला हवं.

कंपन्या या कोचिंगवर पाण्यासारखा पैसा ओततात आणि शेवटी ज्याला कोचिंग दिलं त्यालाच विचारतात, उपयोग झाला का. तो कशाला नाही म्हणेल? त्याच्यावर खर्च झालेला असतो, त्याला निवडलेलं असतं. आणखी एक. माणसाला कोचकडे पाठवतात ते त्याचं सगळ्यात वाईट चाललेलं असताना. ताप चढतो तसा बरेचदा आपोआप उतरतोही, आणि श्रेय शेवटच्या काढ्याला मिळतं. म्हणून मी या कंपनीला सांगितलं की अर्ध्या लोकांना आता कोचिंग द्या, अर्ध्यांना जानेवारीत, आणि कोण कुठे हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. दोन्ही तुकड्यांच्या हाताखालच्या लोकांना आत्ता विचारायचं की साहेब कसा वागतो, आणि नोव्हेंबरात पुन्हा विचारायचं. थांबलेल्यांपेक्षा कोचिंगवाले जास्त सुधारले तरच ते कोचिंगचं काम. हे मान्य करून घ्यायला मला वर्ष लागलं.

माझा भाऊ या यादीत आहे हे मी पहिल्याच दिवशी वरिष्ठांना सांगितलं. त्यांनी नावं माझ्यापासून काढून घेतली. मला आता फक्त क्रमांक दिसतात. पण एक फोन करून मी माधवला हलवू शकेन, हे तुला कळलं असणार, आणि ते खरं आहे. मी तो करणार नाही. एका माणसाने काय होणार, असं तू म्हणतेस. ओळखीने एकाला हलवलं की ती चिठ्ठी राहत नाही गं. त्या यादीतल्या प्रत्येकाच्या घरी एक शरदिनी आहे, आणि तिची नणंद या कामावर नाही.

त्याला डॉक्टरला दाखव. झोप लागत नसेल तर तेवढंच निमित्त कर. आणि मला फोन करायला सांग. मी केला की 'सगळं उत्तम' म्हणतो.

विद्युताई


वाराणसी
९ जुलै २०२३

ताई,

उत्तराला उशीर झाला. रागावले होते. अजून थोडी आहे.

डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणाले, "मी काय पागल आहे?" त्यानंतर आठवड्याभराने जेवताना विचारलं, "तू ताईला लिहिलं होतंस का?" मी हो म्हटलं. मला वाटलं, आता ताट भिरकावतील. ते म्हणाले, "ताईचं बरोबर आहे. माझ्यासाठी नियम मोडायचं काही कारण नाही." आणि जेवत राहिले.

तुम्हांला फोन करायला सांगितलं होतं. केला का?

इथे उमस फार आहे. अवनीचं बारावीचं वर्ष सुरू झालं.

शरदिनी


वाराणसी
२७ ऑक्टोबर २०२३

ताई,

आज चांगल्या मनाने लिहिते आहे, आणि थोडी शरमूनही.

दसऱ्याला काशीनाथ लौंगलत्त्याची मिठाई घेऊन घरी आला. हे आत होते. तो मला हळूच म्हणाला, "भाभीजी, साहेब बिलकुल बदल गए हैं. अब किसी को कुछ नहीं कहते." ऑफिसातली नवी मुलगी रजा मागायला घाबरायची, ती आता थेट कागद पुढे करते आणि हे सही करतात. सगळे खूश आहेत.

घरीही तसंच. सकाळी वेळेवर जातात, संध्याकाळी वेळेवर येतात. ऑगस्टपासून आवाज चढलेला मला आठवत नाही. अवनी म्हणाली, "आई, बाबा आजकल बहुत चिल रहते हैं." मीटर रीडिंगवाल्याशी दर वेळी यांचं भांडण व्हायचं, या वेळी त्याला पाणी विचारलं.

तुम्ही लिहिलं होतंत की ताप आपोआपही उतरतो. तेव्हा ते वाक्य मला फार लागलं होतं. आता वाटतं, तुम्ही लांबून बघत होतात म्हणून तुम्हांला दिसलं. मी एप्रिलमध्ये जे लिहिलं ते मनावर घेऊ नका. दिवाळीचे अनारसे वेगळे पाठवते आहे, जाळी नीट पडली नाही.

शरदिनी


पुणे
२० नोव्हेंबर २०२३

शरदिनी,

अनारसे आले आणि संपले. जाळीचं कोणी विचारलं नाही.

तुझं पत्र वाचून मी किती हलकी झाले ते सांगता येत नाही. एप्रिलपासून मला रोज वाटत होतं की मी भावापेक्षा एक तक्ता मोठा मानला. घरी रमेश एकदा म्हणालेही, "तू त्याला हलवलं असतंस तर कोणाला कळलं असतं?" मला कळलं असतं, असं मी म्हटलं. पण त्या रात्री माझं मलाच ते पोकळ वाटलं होतं.

आता दुसऱ्या फेरीची उत्तरं यायला लागली आहेत. तुला सांगू नये, पण नावं मलाच माहीत नाहीत तर सांगायला हरकत काय. थांबलेल्या तुकडीत एक क्रमांक आहे, त्याच्या माणसांनी एप्रिलमध्ये त्याला सगळ्यात कमी गुण दिले होते. आता सगळ्यात जास्त. शांतपणे ऐकतो, चिडत नाही, आमच्यावर विश्वास टाकतो, अडवत नाही. कोणी शिकवलं नाही, काही नाही. ते आकडे मी बराच वेळ बघत बसले. तो कोण हे मी शोधणार नाही, पण माझ्या मनात कोणाचं नाव आलं ते तू ओळखशील.

गेल्या आठवड्यात मुंबईला एका सभेत बोलायचं होतं. तिथे मी नाव-गाव न घेता हे उदाहरण दिलं. थांबणारी तुकडी का हवी, ते लोकांना एकदम पटलं. हीच माणसं कोचकडे गेली असती तर आपण कोचला हार घातला असता, असं मी म्हटलं, तेव्हा सगळे हसले.

माधवला म्हणावं, एकदा तरी स्वतःहून फोन कर.

विद्युताई


वाराणसी
१८ डिसेंबर २०२३

ताई,

हे पत्र मी शाळेच्या स्टाफरूममध्ये बसून लिहिते आहे. इथूनच पोस्टात टाकणार.

मी चुकले. ऑक्टोबरात जे लिहिलं ते सगळं खरं होतं आणि सगळं चुकीचं होतं.

आधी लहान गोष्टी लक्षात आल्या. आमटीत माझ्याकडून दोनदा मीठ पडलं. अवनीने पहिल्याच घासाला वाटी बाजूला केली. यांनी सगळी संपवली. मी म्हटलं, "खारट नाही लागली?" तर म्हणाले, "ठीक होती." मग अवनीने एके दिवशी मुद्दाम सांगितलं, "बाबा, मी सायन्स सोडते आहे." त्या विषयावर गेल्या वर्षी या घरात महिनाभर युद्ध झालं होतं. हे म्हणाले, "तुला ठीक वाटेल तसं कर." ती पोर खोलीत जाऊन रडली. तिला सोडायचं नव्हतंच काही, तिला फक्त बापाशी भांडायचं होतं.

मग गेल्या मंगळवारी आमच्या शाळेच्या शिपायाने विचारलं, "मॅडम, साहब रिटायर हो गए क्या? मुन्शी घाट पर रोज़ दिखते हैं." मी दोन तास बदलून घेतले आणि गेले.

हे पायरीवर बसले होते. ऑफिसचे कपडे, गळ्यात ओळखपत्र. डबा शेजारी उघडा, आणि त्यातली पोळी बकरी खात होती. मला पाहून दचकलेसुद्धा नाहीत. मी शेजारी बसले. विचारलं, "केव्हापासून?"

"पावसाळ्यानंतर. सकाळी जातो, सह्या करतो, निघतो. संध्याकाळी पुन्हा जाऊन सह्या करतो."

"कोणी विचारत नाही?"

"मी नसलो की लोकांना बरं वाटतं, शरदिनी. कामं होतात. मी असताना माणसं रडत होती." मग थोडं हसून म्हणाले, "कंपनीने प्रत्येकाला त्याचे गुण कळवलेत. मला इतके चांगले गुण शाळेतसुद्धा मिळाले नव्हते."

मी यांचा हात धरला तर तो थंडगार होता. मी म्हटलं, "जानेवारीत तुमचं ते कोचिंग सुरू होईल." हे म्हणाले, "हो, ते आहे." त्या दोन शब्दांत थोडी धुगधुगी होती, ताई. मी उगाच म्हणत नाही.

तो तुमचा क्रमांक यांचाच असेल. जानेवारी जवळ आली आहे. जो कोणी यांच्याशी बोलायला येणार आहे तो चांगला असू द्या, एवढंच तुमच्या हातात असेल तर करा.

शरदिनी


पुणे
२४ डिसेंबर २०२३

शरदिनी,

पत्र हातात पडताच फोन केला, पण माधव शेजारी असावा, कारण तू 'हो, बरं, थंडी आहे' एवढंच बोललीस. म्हणून हे कुरिअरने पाठवते.

त्याला डॉक्टरकडे ने, मनाच्या डॉक्टरकडे. तो नको म्हणाला तरी. याला आता कोचिंग पुरणार नाही, आणि मी हे तुला लिहायला हवं त्यापेक्षा खूप उशिरा लिहिते आहे.

दुसरं सांगणं अवघड आहे. जानेवारीची तुकडी होणार नाही. निकाल लागला. दोन्ही तुकड्या सारख्याच सुधारल्या, कोचिंग मिळालेले आणि न मिळालेलेही. कंपनीने परवा कार्यक्रम बंद केला. आठवड्याभरात सगळ्यांना कळवतील. त्याला ते ऑफिसच्या मेलवर एकट्याने वाचायला लागू नये. आधी तूच सांग.

तुझं पत्र आल्यावर मी वरिष्ठांकडे गेले आणि तो क्रमांक कोणाचा हे विचारून घेतलं. माधवच आहे. त्याचे गुण बाजूला काढले तर कोचिंगवाल्यांचं पारडं थोडं जड होतं. थोडंच, पण कंपनीने कदाचित जानेवारी चालू ठेवली असती. मी पूर्ण दिवस त्या तक्त्यासमोर बसले. शेवटी काढले नाहीत. त्याच्या गुणांमागचं खरं कारण मला कळलं ते तो माझा भाऊ आहे म्हणून. इतर क्रमांकांमागे कोण कुठल्या घाटावर बसलं आहे हे मला माहीत नाही. एकालाच काढायचं तर पुन्हा ओळखीनेच काढणं झालं.

एक गोष्ट धरून ठेव. निकाल असा आहे की कोचिंगने फरक पडत नाही. म्हणजे एप्रिलमध्ये मी त्याला हलवलं असतं तरी काही वेगळं झालं नसतं. त्याचं काही बुडालं नाही. हे मी स्वतःलाही सांगते आहे.

अहवाल दहा जानेवारीला द्यायचा आहे. तो दिला की येते. तोवर त्याला एकटं सोडू नकोस.

विद्युताई


वाराणसी
१५ फेब्रुवारी २०२४

ताई,

तुम्ही आलात, हॉस्पिटलात चार दिवस माझ्याबरोबर बाकावर बसलात, रात्री घरी जाऊन अवनीला जेवायला घातलंत. आपण एकमेकींशी औषधांशिवाय काही बोललो नाही. तुम्ही गेल्यावर घरात शब्द साठून राहिलेत, म्हणून लिहिते.

तुम्हांला आपल्या गल्लीतल्या विश्वेश्वरकाकांनी सांगितलं तेवढंच माहीत आहे. सुरुवातीपासून सांगते.

जानेवारी रद्द झाल्याचं मी यांना सांगितलं. नाताळानंतरचा रविवार होता, हे उन्हात गच्चीवर बसले होते. यांनी विचारलं, "ताईने सांगितलं?" मी हो म्हटलं. "म्हणजे उपयोग नसतोच त्याचा." "असं निघालं म्हणे." हे म्हणाले, "बरं झालं, कळलं." डॉक्टरची वेळ मी सहा जानेवारीची घेतली होती. त्या दिवशी हे तयार झाले, रिक्षात बसले, आणि दवाखान्याच्या दारात म्हणाले, पुढल्या आठवड्यात येऊ. मी ऐकलं. जबरदस्ती केली असती तर आले असते. ऑगस्टपासून यांनी कशालाच नाही म्हटलं नव्हतं. हे पहिलं 'नाही' होतं, आणि वेडीसारखा मला त्याचा आनंद झाला.

नऊ तारखेला संध्याकाळी मी अवनीची फी भरायला गेले. परत आले तर हे नाहीत. विश्वेश्वरकाका संकठा देवीचं दर्शन घेऊन घाटावर उतरले होते. धुकं होतं. त्यांना वाटलं, कोणी स्नान करतंय. मग कपडे दिसले. स्वेटर, पँट, सगळं. हे छातीपर्यंत पाण्यात बसले होते, शेवटच्या पायऱ्यांवर. काकांनी हाक मारली, "माधवा, तिथे काय करतोस रे?" हे म्हणाले, "काही नाही, काका. बसलोय." काकांनी आणि नावेवरच्या दोन मल्लाहांनी धरून काढलं तेव्हा विरोधही केला नाही. किती वेळ बसले होते ते यांनाच सांगता येत नाही.

न्यूमोनियाचं तुम्ही पाहिलंत. आता फुप्फुसं बरी आहेत. मनाचे डॉक्टर आठवड्यातून एकदा बघतात. नोकरीचा राजीनामा काशीनाथ घेऊन गेला. जाताना जिन्यात थांबून मला म्हणाला, "भाभीजी, हम लोग समझे साहेब ठीक हो गए." मीही तसंच समजले होते.

ताई, मला तुमच्यावर रागवायचंय आणि पुरतं रागावता येत नाही. तुम्ही तरी दूर होतात, तुमच्याकडे कागद होता. मी त्याच घरात, त्याच ताटापुढे. ऑक्टोबरातलं ते खुशीचं पत्र मी लिहिलं. तरीही एप्रिलमध्ये मी एकच गोष्ट मागितली होती, हे मी विसरू शकत नाही. तुमचं ते वाक्य, काही बुडालं नाही, ते मी हॉस्पिटलात रोज म्हणत होते. तेवढ्यावर मी तुमच्या शेजारी बसू शकले.

आता काही दिवस येऊ नका. लिहिलंत तर वाचीन.

शरदिनी


पुणे
१० मार्च २०२४

शरदिनी,

तू ज्या वाक्यावर बसलीस ते मी काढून घेणार आहे. हे न लिहिण्याची खूप कारणं मी शोधली. एकही टिकलं नाही.

घरी आल्यावर मी कंपनीची परवानगी मागितली आणि दोन्ही तुकड्यांतल्या साहेबांच्या लोकांना फोन केले. या वेळी साहेब कसा वागतो असं विचारलं नाही. साहेब दिवसभर काय करतो, एवढंच विचारलं.

पहिल्या तुकडीत एक गृहस्थ आहेत, गाव सांगत नाही. त्यांचे गुण एप्रिलमध्ये मधले होते, नोव्हेंबरात खाली घसरले. माझ्या तक्त्यात कोचिंगचं सगळ्यात मोठं अपयश तेच. त्यांच्या ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं, "आधी साहेब काही बघायचेच नाहीत. खोलीत दार लावून बसायचे. आम्हांला मोकळीक होती. आता परत प्रत्येक फाइल उघडतात, प्रश्न विचारतात, लोक वैतागलेत." मग मी त्यांच्या कोचबाईंशी बोलले. आतलं काही त्या सांगणार नव्हत्या, पण त्या गृहस्थांनीच परवानगी दिली. तिसऱ्या भेटीत बाईंनी त्यांना विचारलं होतं, "तुमच्या आयुष्यात इतकं चाललंय, आणि तुम्ही इतकं शांत कसं बोलता?" ते तिथेच कोसळले. बाई स्वतः त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेल्या. ते अजून औषध घेतात, कामावर जातात, लोकांशी भांडतात.

जो बरा झाला त्याला मी बिघडला म्हणून मोजलं, आणि माधव बुडत होता त्याला सुधारला म्हणून. निकाल सारखा येणारच होता.

त्या बाई माधवच्या वाट्याला आल्या असत्या का, त्यांना तो दिसला असता का, मला माहीत नाही. दुसरा कोणी कोच आला असता आणि त्यालाही कळलं नसतं, असंही झालं असतं. पण डिसेंबरात मी तुला माहीत असल्यासारखं लिहिलं. त्याचं काही बुडालं नाही असं म्हणायचा मला अधिकार नव्हता. मी ते शब्द परत घेते. तुझ्याकडे त्यांच्या जागी ठेवायला माझ्यापाशी दुसरं काही नाही.

चिठ्ठी मोडायला नको होती असं मला अजूनही वाटतं. आपण काय विचारतोय हे न बघता ती टाकायला नको होती. हे सगळं मी अहवालाला जोडून पाठवलं. कंपनीने पोच दिली. कार्यक्रम बंदच आहे.

तू बोलावशील तेव्हा येईन. नाही बोलावलंस तरी मला कळेल.

विद्युताई


वाराणसी
२९ ऑगस्ट २०२४

विद्युताई,

तुझ्या मार्चच्या पत्राला शरदिनीने उत्तर दिलं नाही हे मला माहीत आहे. पत्र तिने मला वाचायला दिलं, तेही जूनमध्ये. त्याआधी ते कपाटात होतं. तुम्हां दोघींची बाकीचीही मग वाचली. तुझी तिच्याकडे होती, आणि तिने काय लिहिलं ते तिने मला सांगितलं. माझ्याविषयी इतकं लिहिलं गेलंय आणि त्यात माझं एकही पत्र नाही, म्हणून हे.

तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. कोचिंगचा उपयोग झाला असता का, मला ठाऊक नाही. एवढं आठवतं की एप्रिलमध्ये ते हवं होतं. कोणाशी काय बोलायचं ते मी मनात जुळवूनही ठेवलं होतं. रोज आंघोळ करताना थोडं थोडं. पावसाळ्यापर्यंत ते सगळं विरून गेलं. आता आठवायचा प्रयत्न केला तरी येत नाही. तुझा नियम बरोबर होता असं मी शरदिनीला म्हटलं होतं ते मनापासून. तुझ्यावर राग नाही. राग यायला जे लागतं ते सध्या कमी आहे.

घरचं बरं आहे. अवनी परीक्षा पास झाली, सायन्सच घेतलंय पुढे. शाळेतून आल्यावर शरदिनी माझ्याबरोबर चौकापर्यंत चालते. काशीनाथ कधी कधी येतो. नवा साहेब फार कडक आहे म्हणतो. "आप के आख़िरी छह महीने सब से अच्छे थे," असं परवा म्हणाला. शरदिनी चहाचा कप घेऊन आत निघून गेली. मी त्याला दुसरं बिस्कीट घ्यायला सांगितलं.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो. डॉक्टर चांगले आहेत. तरुण आहेत, घाईत असतात. दर वेळी विचारतात, "एक से दस में, कैसा लग रहा है?" मी पाच सांगतो. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा पाहिलं की पाच म्हटलं की ते मान हलवतात, लिहितात आणि पुढचा पेशंट बोलावतात. तीन म्हटलं तर बसवून घेतील, सात म्हटलं तर औषध कमी करतील. पाचला कोणी काही विचारत नाही. शरदिनीही बाहेर आल्यावर विचारते, काय सांगितलंत. मी पाच म्हणतो. तिचा चेहरा थोडा मोकळा होतो. मग ती भाजी घ्यायला थांबते.

ताई, पाच नाही आहे. गेले तीन आठवडे दोन आहे, कधी त्याच्याही खाली. गंगा चढली आहे, संकठा घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्यात, गल्लीच्या तोंडापर्यंत पाणी येईल म्हणतात. शरदिनीने त्या बाजूची खिडकी लावून घेतली आहे आणि का लावली ते ती बोलत नाही. रात्री पाण्याचा आवाज तरीही येतो.

हे मला तिच्यासमोर सांगता येत नाही. मी तोंड उघडतो आणि पाच बाहेर पडतं. तू येऊन तिला सांग, आणि डॉक्टरांनाही. माझ्यासमोर सांग म्हणजे मला नाही म्हणता येणार नाही. तिने येऊ नका म्हटलं होतं ते मला माहीत आहे. मी बोलावतोय.

पत्र मिळालं की नीघ. आधी फोन करू नकोस. फोनवर मी पाचच म्हणेन.

माधव